पी.पी. नंबर

देऊळगाव राजाच्या त्या बियाण्याच्या ऑफिसात माठ एक होता आणि तांबे दोन. एक सगळ्यांचा आणि एक दीपमालाचा. हे सोवळंओवळं नव्हतं. भगवानराव साहेब गुटख्याचं तोंड सगळ्यांच्या तांब्याला लावत, उरलेलं पाणी तसंच ठेवत, आणि त्या पाण्यावर सुपारीचे कण तरंगत. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दीपमालानं ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी घरून स्वतःचा तांब्या आणला. त्याला सात वर्षं झाली. साहेबांच्या बाकीच्या गोष्टींसाठी मात्र असा वेगळा तांब्या आणता येत नाही, हे तिला कळायला दोन हजार सहा साल उजाडावं लागलं.

दीपमालाचं काम उगवण मोजण्याचं. आसपासच्या गावांतले शेतकरी शेडनेटमध्ये कंपनीसाठी मिरचीचं बी तयार करत. करत म्हणजे त्यांच्या बाया करत. फूल उमलायच्या आदल्या दिवशी कळी सोलायची, आतला नराचा भाग चिमट्यानं काढायचा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाच्या परागाची भुकटी लावायची आणि ओळख राहावी म्हणून देठाला लोकरीचा धागा बांधायचा. अशा हजारो कळ्या. मान मोडून, डोळे फोडून तयार झालेलं ते बी देऊळगावात यायचं, आणि त्यातले चारशे दाणे दीपमाला ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत ठेवायची. चौदाव्या दिवशी गुंडाळ्या उलगडून मोजायची. शंभरात पंच्याऐंशी उगवले तर बी पास. त्याखाली नापास, आणि नापास बी गोदामामागे जाळून टाकायचं असा कंपनीचा नियम. आकडा ती आधी रजिस्टरात निळ्या शाईनं लिहायची, मग कॉम्प्युटरात टाकायची. निकालाचा छापील कागद जालन्याच्या मोठ्या ऑफिसातून परस्पर शेतकऱ्याच्या घरी जायचा. खाली तपासणीस म्हणून तिचं नाव असायचं. त्या नावाचा तिला अभिमान होता, आणि तो तिनं कधी लपवलाही नाही.

आदल्या दिवाळीनंतर जालन्याहून एक इंजिनियर आला आणि त्यानं ऑफिसच्या कॉम्प्युटरला एक डबी जोडली. तिला मोडेम म्हणायचं. शिपाई कडूबा मात्र शेवटपर्यंत डबीच म्हणाला. साहेबांना घरी बसून ऑफिसच्या कॉम्प्युटरात शिरता यावं म्हणून ही सोय. घरच्या कॉम्प्युटरानं टेलिफोनवरून ऑफिसला फोन लावायचा, नाव आणि पासवर्ड सांगायचा. मग ऑफिसचा कॉम्प्युटर तो फोन कापून टाकायचा, आणि त्या नावापुढे जो नंबर लिहून ठेवला असेल त्यावर स्वतः उलटा फोन लावायचा. तो उचलला गेला की दार उघडलं.

"म्हणजे चोरानं पासवर्ड पळवला तरी फोन खऱ्या माणसाच्याच घरी वाजणार," इंजिनियर म्हणाला.

ऑफिसात लाईन एकच. म्हणून संध्याकाळी साडेपाचला निघताना कडूबा फोनची वायर काढून डबीत खोचायचा, आणि सकाळी झाडलोट करायच्या आधी ती पुन्हा फोनला लावायचा. उदबत्ती लावण्यासारखंच हेही त्याच्या अंगवळणी पडलं.

"दीपमालाताईंचंही नाव टाका," साहेब त्या दिवशी म्हणाले होते. "आजारपण, सणवार, काही अडलं तर घरून काम करतील. जमाना पुढे गेला आता."

दीपमालाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता आणि फोनही नव्हता. नवरा राम भाजीचा टेम्पो चालवायचा, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. पण इंजिनियरनं फॉर्म पुढे केला तेव्हा तिची छाती फुगली, हे खोटं कशाला बोला. फॉर्मात फोन नंबराचा रकाना होता. ज्यांच्या घरी फोन नाही ते काय करतात, तेच तिनं केलं. अख्खा तालुका तेच करत होता. लग्नाच्या परिचयपत्रात, गॅसच्या फॉर्मावर, पोरांच्या शाळेत, सगळीकडे शेजाऱ्याचा नंबर लिहायचा आणि पुढे कंसात 'पी.पी.' लिहायचं. म्हणजे फोन दुसऱ्याचा, माणूस आम्ही. तेवढी हाक मारा. साहेबांचं घर तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर.

"माझाच लिहा की," साहेब म्हणाले.

तिनं लिहिला, पुढे नीट पी.पी. लिहिलं. इंजिनियरनं कॉम्प्युटरात नंबर टाकला. पी.पी. टाकायला तिथे जागा नव्हती.

पासवर्डचं तर विचारूच नका. विसरायला होतं म्हणून साहेबांनी सगळ्यांचे पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून, बालाजीच्या फोटोखाली, खडूनं लिहवून घेतले होते. देवाच्या पायाशी ठेवल्यावर चोरणार कोण!

मार्चमधल्या एका दुपारी सुभद्राबाई ऑफिसात आली. सुभद्राबाई ही दीपमालाची सख्खी चुलती. आई गेली तेव्हा दीपमाला सहा वर्षांची होती. त्यानंतर तिची वेणी सुभद्राकाकूनं घातली, बारावीपर्यंत डबा तिनंच बांधला. काकूला दारात पाहून दीपमाला उठली, आपल्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि पेला पुढे धरला.

काकूनं पेला घेतला नाही. हातातला कागद टेबलावर आपटला.

"हे काय लिहून राह्यली व तू? एकसष्ट?"

दीपमालानं कागद पाहिला. सुभद्राबाईच्या नावाचं बी, उगवण एकसष्ट, नापास. खाली तपासणीस म्हणून दीपमाला.

"काकू, हे म्या नाही टाकलं. तुह्यं बी एक्याण्णव होतं. थांब, रजिस्टर पाह्य."

"रजिस्टर तुह्यं, अक्षर तुह्यं. ते मले काय दाखवतं? कागदावर नाव कोनाचं हाये? कुलदीपचंबी नापास, माह्यंबी नापास. सहा महिने कळ्या सोलल्या म्या, डोळ्याचं पानी झालं. तुले किती पायजे होते ते तोंडानं सांगायचं होतं. म्या देले असते."

कुलदीप काकूचा मुलगा, तिशीचा. त्याचं बी दीपमालानं खरंच नापास केलं होतं. त्रेचाळीस. त्यानं बी सावलीत वाळवायचं सोडून पत्र्यावर भर उन्हात टाकलं होतं, दाण्यातला जीवच गेला होता. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. तिच्या हातातला पेला काकूनं आता घेतला, दारापर्यंत गेली आणि पाणी पायरीवर ओतून दिलं.

"तुह्या हातचं पानी आता माह्या घशाखाली उतरत नाही," ती म्हणाली आणि रिकामा पेला दारातच ठेवून चालती झाली.

दीपमाला तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेब दातांनी पुडी फाडत होते.

"कॉम्प्युटर आहे ताई, शेवटी मशीन आहे," पुडी तोंडात रिकामी करत ते म्हणाले. तोंड भरलेल्या माणसाचं बोलणं जसं येतं तसं, ओलं आणि जड. "जालन्याला काहीतरी घोटाळा झाला असेल. मी बोलतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." आणि टेबलाखालच्या टोपलीत पचकन थुंकले. थुंकून झाल्यावर तिच्याकडे पाहून मायेनं हसले. ते हसणं पाहून तिला शिसारी आली, आणि वरिष्ठ माणसाबद्दल असं वाटावं याची थोडी लाजही वाटली. ती लाज वाया गेली.

त्यानंतर महिनाभरात आणखी कागद आले. काकू धरून अकरा जणांचं चांगलं बी नापास झालं, अकराही कागदांखाली दीपमाला. तिच्या रजिस्टरात एक्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, त्र्याण्णव. कागदांवर एकसष्ट, सत्तावन्न, साठ. गावाला तेवढं पुरलं. रामच्या टेम्पोत भाजी भरणाऱ्या बाया त्याला ऐकू जाईल अशा बेतानं बोलू लागल्या. एका लग्नात दीपमाला जिथे जेवायला बसली तिथून दोघीजणी पत्रावळ उचलून दुसरीकडे गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे तर संन्याशाला सुळी देऊन वर त्याच्याच तोंडावर थुंकणं चाललं होतं. तिनं पीसीओवरून जालन्याला फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "भगवानरावांशी बोला, मॅनेजर तेच आहेत." उंदराला मांजर साक्ष.

मग एका सकाळी कडूबानं तिला पेढे मागितले.

"फोन घेतला ताई, आन् आम्हाले पेढाबी नाही?"

"कोणी घेतला फोन?"

"तुम्ही. दुसरं कोन? सकाळी डबीची वायर काढाले जातो तं पडद्यावर तुमचंच नाव असते. संध्याकाळी घरून काम करून राह्यल्या तुम्ही. म्हनलं, ताईनं फोन घेतला, पन बाई चेंगट हाये."

दीपमाला कॉम्प्युटरपुढे बसली. कोण बाहेरून आत आलं त्याची यादी पडद्यावर होती. नाव, तारीख, वेळ, आणि उलटा फोन कोणत्या नंबरावर लावला तो नंबर. दीपमाला, रात्रीचे आठ. दीपमाला, आठ वीस. दीपमाला, पावणेआठ. दोन महिन्यांत अकरा वेळा, आणि अकराही वेळा एकच नंबर. तो तिच्याच अक्षरात तिनं फॉर्मावर लिहिला होता.

अकरा संध्याकाळी हा माणूस घरच्या खुर्चीत बसून दीपमाला होत होता. सगळ्यांच्या तांब्याला लावायचा तसं त्यानं तिच्या नावाला तोंड लावलं होतं, आणि उष्टं करून पुन्हा जागच्या जागी ठेवलं होतं. सर्वांत जास्त किळस तिला त्या फॉर्म भरायच्या दिवसाची आली. काय पण छाती फुगली होती!

"कडूबा, नापास बी जाळतोस ना तू?"

कडूबा झाडूकडे बघू लागला. "तूस जाळतो, ताई. पोत्यात तूस भरतो अन् जाळतो. बी साहेबाच्या मेहुन्याच्या गाडीत जाते. तो दुसऱ्या पिशवीत भरून तिकडं लांब इकते म्हने. दोन खेपा गेल्या. बाकीचं हाये अजून गोदामात, तुमच्या काकूचंबी हाये."

"अन् तू गप्प राह्यला?"

"माह्यं नाव कुठं होतं त्याच्यात?"

तो वाईट माणूस नव्हता. हेच जास्त वाईट होतं. दीपमालानं त्याला त्या दिवशी पेढ्यांना पैसे दिले नाहीत, पण एक काम सांगितलं, आणि बालाजीच्या फोटोसमोर उभं करून शपथ घातली.

यादीचा कागद छापून काकूला दाखवायचा विचार तिनं सोडून दिला होता. काकूला वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना वाचायचं नव्हतं. कागदावर कागद टाकून काही होणार नव्हतं. काकूच्या कानानं ऐकू येईल असं काहीतरी हवं होतं. बसस्टँडजवळ शेखर कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. दीपमालाच्या वर्गातला, शाळेपासूनचा. त्याच्याकडे फोनची लाईन होती आणि डबीही. दीपमालानं त्याला ऑफिसचा नंबर दिला, आपलं नाव दिलं, पासवर्ड दिला.

"सोमवारी संध्याकाळी सातला लाव," ती म्हणाली. "नाही तं पाच मिनिटांनी पुन्हा. असं तीन वेळा."

"लागणार नाही, दीपा. तो फोन कापून टाकीन अन् दुसरीकडंच लावीन."

"लावू दे. तेच पायजे."

सोमवारी साहेबांच्या घरी वास्तुशांत होती. घरावर वरचा मजला चढला होता. तो कशावर चढला हे आता दीपमालाला ठाऊक होतं. बी करणाऱ्या सगळ्या शेतकऱ्यांना आमंत्रण होतं, आणि सगळे आले होते. नापास झालेलेही आले होते, कारण पुढच्या वर्षी बी करायचं काम कोणाला द्यायचं हे साहेबच ठरवत. अंगणात पत्रावळी मांडल्या जात होत्या, वांग्याच्या भाजीचा आणि बुंदीचा वास सुटला होता. साहेब रेशमी झब्बा घालून पुढच्या खोलीत उभे, येईल त्याच्या गळ्यात पडत होते. कोपऱ्यातल्या स्टुलावर विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली फोन होता. फोनच्या पलीकडे भिंतीला टेकून सुभद्राबाई बसली होती. तिला तिथे कडूबानं बसवलं होतं. सांगितलेलं काम हेच.

दीपमाला आत आली तसे बायांनी पदर सावरून घेतले. साहेब म्हणाले, "या ताई, या. बसा." तिनं बसायचं टाळलं. सात वाजायला तीन मिनिटं होती.

"मले एक सांगायचं हाये," ती म्हणाली. "तुमच्या बियाचे आकडे म्या टाकले म्हणता ना? आता शेखर स्टँडवर बसला हाये. तो ऑफिसच्या कॉम्प्युटरले सांगीन, मी दीपमाला हाये, दार उघड. कॉम्प्युटर म्हणीन, थांब, तुह्या घरी फोन करून पाहतो. आता ऐका, दीपमालाचं घर कोणतं ते."

"ताई, आज शुभ दिवस आहे, आज हे काय..." साहेब म्हणाले.

भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. फोन वाजला नाही. सात वाजून दोन मिनिटं झाली, तीन झाली. मागून कोणीतरी खुदकन हसलं. दीपमालानं दारातल्या कडूबाकडे पाहिलं. "वायर खोचली ना?" तिनं नुसत्या ओठांनी विचारलं. कडूबानं शपथेवर गळ्याला चिमूट लावली. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू ते मायेचं हसू परत येत होतं. शेखरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं, हे नंतर कळलं.

फोन वाजला.

"काकू, तू उचल," दीपमाला म्हणाली.

सुभद्राबाईनं रुमाल बाजूला केला, रिसीव्हर कानाला लावला. "हॅलो? कोन?" तिनं रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला, तेव्हा शेजारच्या चौघांनाही ऐकू आलं. माणूस नव्हताच. टूं, अशी एक बारीक शीळ, मग थांबून पुन्हा टूं. कोणीतरी पलीकडून दार उघडायची वाट पाहत होतं.

"रॉंग नंबर असेल," साहेब म्हणाले. "फॅक्स लागतो कधीकधी."

"पाच मिनिटांनी पुन्हा लागीन," दीपमाला म्हणाली.

पत्रावळींवर मीठ वाढून झालं होतं, पण कोणी अंगणात जाईना. साहेबांनी खिशातून पुडी काढली, परत ठेवली. त्यांच्या कपाळावरचा गंधाचा टिळा घामानं नाकावर उतरला. पाच मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. सुभद्राबाईनं हात पुढे केला, पण साहेब तिच्या आधी पोचले. त्यांनी रिसीव्हर उचललाच नाही. वाकले आणि भिंतीतून वायर उपटली. तिच्यासोबत नव्या रंगाचा तळहाताएवढा पोपडा निघून आला. फोन बंद पडला आणि बाहेर कढईत तळणाऱ्या पुऱ्यांचा आवाज आत आला.

भागवत नावाचा म्हातारा शेतकरी, ज्याचं त्र्याण्णवचं बी साठ झालं होतं, तो बोलला. "म्हंजे आकडे पोरीनं नाही टाकले. इथून टाकले."

हाताच्या काकणाला आरसा लागला नाही. दीपमालाला वाटलं, आता. आता कोणीतरी या माणसाची गचांडी धरेल. गोदामाची किल्ली मागेल. निदान थुंकेल तरी.

साहेबांनी हातातली वायर खाली टाकली, झब्ब्याला हात पुसले आणि जोडले. "मंडळी, चूक मशीनची असो की माणसाची, माझ्या वास्तूत आज कोणाचं तोंड कडू होऊ देणार नाही. उद्या सकाळच्या आत सगळ्यांचं बी पास. सगळ्यांचं! आता पानं थंड होताहेत."

मग मागून एकानं टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. नंतर सगळे उठले. पंगतीला पहिला बसला तो भागवत. दोन खेपा बी विकलं गेलं, त्याचं काय, हे कोणी विचारलं नाही. गेलेल्या बियाच्या जागी पोत्यात काय भरणार, हेही नाही. ज्या बायांनी महिनाभर तिच्यापासून पदर सावरला त्यांनी तिला खुणेनं आपल्या शेजारी जागा दाखवली. अंगणात बुंदीचे द्रोण फिरू लागले, "घ्या घ्या, संकोच करू नका" सुरू झालं, आणि साहेब स्वतः तुपाची वाटी घेऊन ओळीतून वाढत गेले. खाल्ल्या ताटात छेद करणारे तरी बरे. हे ताटासाठी छेद बुजवणारे. दीपमाला चप्पल घालून निघाली. घरापर्यंत तिच्या नाकातून तो बुंदीचा वास जाईना.

दुसऱ्या दिवशी साहेब आले नाहीत. बीपी वाढल्याचा निरोप आला. दीपमालानं कॉम्प्युटर पाहिला. यादीत एक नवी ओळ होती: दीपमाला, रात्री सव्वादहा, तोच नंबर. वायर परत जोडून त्यांनी दिलेला शब्द पाळला होता. अकराही बी पास. सरसकट अठ्ठ्याऐंशी, उलगडून मोजायचं नाटकसुद्धा नाही. आणि बारावं, कुलदीपचं. त्रेचाळीसच्या जागी अठ्ठ्याऐंशी. खाली तपासणीस दीपमाला. म्हणजे माफी मागितली तीही तिच्याच नावानं.

तिनं आधी ओल्या फडक्यानं कपाटाचं दार आतून पुसलं. बालाजी तेवढा राहिला. मग आपला पासवर्ड बदलला. आपल्या नावापुढचा तो नंबर काढून टाकला आणि रकाना रिकामा ठेवला. मग रजिस्टर उघडून बारा आकडे एकेक करून पुन्हा टाकले, जसे मोजले होते तसे. यादी छापली, रजिस्टराच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, गोदामाबद्दल कडूबानं सांगितलं ते लिहिलं, आणि पाकीट जालन्याच्या मोठ्या मालकांच्या नावानं रजिस्टर पोस्टानं पाठवायला कडूबाच्या हाती दिलं. नोकरी राहील की जाईल याचा विचार तिनं केला नाही असं नाही. पाकिटाला डिंक लावता लावता केला.

"याच्यात माह्यं नाव हाये का?" कडूबानं विचारलं.

"हाये," ती म्हणाली. तो बराच वेळ पाकीट हातात घेऊन उभा राहिला, मग सायकल काढून गेला.

दुपारी सुभद्राकाकू आली. हातात स्टीलचा डबा होता. आल्या आल्या तिनं दीपमालाच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली आणि रडायला लागली.

"माह्या तोंडाले कीडे पडो, पोरी. तुले वाढवलं म्या, अन् म्याच तुले चोर म्हनलं. काल न जेवता गेली तू. घे, बुंदी आनली तुह्यासाठी. अन् पानी दे व मले आधी. चालून चालून घसा सुकला."

महिनाभर ती याच एका वाक्यासाठी झुरत होती. सकाळपासून तिनंही पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिनं आपला तांब्या उचलला, पेला काठोकाठ भरला आणि काकूच्या हातात दिला. काकूनं तो दोन्ही हातांनी धरला.

"दोघाइचंबी पास झालं म्हने," काकू म्हणाली. "माह्यंबी, कुलदीपचंबी. पोरगं महिन्यात हसलं नव्हतं, काल रातच्यानं हसलं. बालाजी पावला."

दीपमालाला गप्प राहता आलं असतं. घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत तरी.

"काकू, तुह्यं पास हाये. एक्याण्णव. ते खरंच हाये. कुलदीपचं त्रेचाळीस हाये. ते नापास."

"साहेबानं काल पास केलं ना?"

"माह्या नावानं केलं. म्या सकाळी खरं टाकलं."

काकूचा पेला ओठांपाशी जाता जाता थांबला. "तू टाकलं? सोताच्या हातानं?"

"त्या बियात जीव नाही, काकू. त्यानं पत्र्यावर वाळवलं. पुढच्या साली कोणीतरी ते पेरीन, अन् वावर रिकामं राहीन. त्याच्या घरीबी एखादी काकू असंल."

"ते कोन, कुठचे, ते मले काय करायचे? कुलदीप तुह्या घरचा हाये. तुह्या वेणीले लाल रिबीन आनायचा तो, जत्रेतून." काकूचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "एवढ्या लोकाइचं पास झालं. एक जास्त झालं असतं तं कोनाले दिसलं असतं?"

"मले दिसलं असतं."

सुभद्राबाईच्या डोळ्यांतलं पाणी अजून वाळलं नव्हतं, पण त्याच्यामागचं माणूस बदललं होतं.

"तुह्यापेक्षा तं तो साहेब बरा," ती म्हणाली. "त्याले मानसं तं समजते."

यावेळी तिनं पाणी ओतलं नाही. भरलेला पेला टेबलावर ठेवला, थेंबही सांडू न देता. मग डबा उचलला, झाकण घट्ट बसलं आहे का ते चाचपलं, आणि निघून गेली.

बाहेर कडूबाच्या सायकलचा आवाज आला. पाकीट पोस्टात देऊन तो रिकाम्या हातानं परत आला होता. मग दीपमालानं पेला उचलला आणि उभ्यानंच सगळं पाणी पिऊन टाकलं. पेला विसळला, पालथा घातला आणि आपल्या तांब्याशेजारी ठेवून दिला.